बर्लिन, एच-थ्री आणि नाशिकचा उंट

आमचे आजोबा पंचवटीत देशी नियमांनी बुद्धिबळ खेळत. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं मिळत. समोर नुसता राजा उरला तर बुर्जी, म्हणजे पूर्ण विजय नाहीच, आणि प्याद्याने मात केली तर त्या विजयाचा तोरा औरच. अशा खेळात सुरुवातीला मारामारी कुठली? दोघंही आधी आपापलं घर लावून घेत. कोलकात्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी १८५०च्या दशकात जॉन कॉक्रेनशी विलायती नियमांनी खेळले, तेव्हाही त्यांच्या मांडणीत हीच सबुरी होती. आजच्या ‘किंग्ज इंडियन’ बचावाचं मूळ तिथे सापडतं.

विलायती नियम पुढे सगळीकडे रुजले. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रामचंद्र सप्रे डी. वेंकय्यांसह संयुक्त विजेते ठरले. नाशिकचा पोरगा जगाच्या पटावर यायला मात्र बराच काळ जावा लागला. विदित गुजराथी २००८ मध्ये चौदा वर्षांखालील जगज्जेता झाला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर. २०२३च्या ग्रँड स्विसमध्ये तो पहिलाच डाव हरला आणि शेवटी स्पर्धाच जिंकून बसला!

त्या जोरावर तो टोरंटोच्या कँडिडेट्सला, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेला, पोचला. ५ एप्रिल २०२४, दुसरी फेरी. पांढरी मोहरी हिकारू नाकामुराकडे, विदितकडे काळी. ओपनिंग बर्लिन. २००० साली क्रॅमनिकने हीच ढाल धरून कास्पारॉव्हचं जगज्जेतेपद हिसकावलं, तेव्हापासून ‘बर्लिन म्हणजे बरोबरी’ अशी तिची ख्याती. नाकामुराने डी-थ्री खेळून वजिरांची लवकरची मारामारी टाळली. तरी विदितचा उंट थेट एच-थ्रीवरच्या प्याद्यावर आदळला. उंट गेला, पण गोऱ्या राजापुढची तटबंदी फुटली आणि डाव विदितने जिंकला. ही खेळी घरच्या अभ्यासातून आलेली होती. आजोबांच्या वेळी सुरुवात पटावरच शिजायची. आता ती स्पर्धेच्या कितीतरी आधी, संगणकापुढे शिजते. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उंट द्यायची छाती शेवटी पटासमोर बसलेल्याचीच लागते.

नवव्या फेरीत, या वेळी पांढऱ्या मोहऱ्यांनी, विदितने नाकामुराला पुन्हा हरवलं. तो स्वतः १४ पैकी ६ गुणांवर थांबला, सहावा आला. पण अंतिम तक्ता पाहा: पुढे जगज्जेता झालेला चेन्नईचा गुकेश ९, नाकामुरा साडेआठ. त्या दोन डावांतला एक जरी बरोबरीत सुटला असता, तरी नाकामुरा गुकेशच्या शेजारी जाऊन बसला असता आणि जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे टायब्रेकवर ठरलं असतं. गुकेशच्या मुकुटाचं कौतुक करताना चेन्नईकरांनी नाशिकला एक नमस्कार करायला हरकत नाही.