पोलिश स्वयंसैनिकांच्या कापडी चिन्हांची पारख

दुसऱ्या महायुद्धात पोलंड देश नकाशावर उरला नव्हता. पोलिश सैन्य मात्र होते. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून रशियाने तो देश वाटून घेतला, आणि लाखो पोल रशियाच्या अंतर्भागात हद्दपार झाले. ३० जुलै १९४१ च्या करारान्वये त्यांची सुटका होऊ लागताच, छावण्यांतून अस्थिपंजर होऊन निघालेले हे लोक जनरल अँडर्स यांच्या सैन्यात नाव नोंदविण्यासाठी शेकडो कोसांची वाट तुडवीत गेले. असल्या हद्दपार कुटुंबांतील कित्येक बायकामुले पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ पर्यंत राहिली होती. सैन्य १९४२ मध्ये इराणात उतरले, इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असे मुक्काम करीत इटलीत पोचले आणि १८ मे १९४४ रोजी माँटे कॅसिनोच्या मठावर त्याने आपले निशाण लावले.

या सैनिकांच्या बाहीवर कापडी चिन्हे असत. तांबड्या भूमीवर पांढरी मत्स्यकन्या, म्हणजे वॉर्सा नगरीचे चिन्ह, हे सबंध दुसऱ्या कोअरचे. पिवळ्यावर रानगवा हे पाचव्या डिव्हिजनचे. आणि तोफेचा गोळा वाहणारे अस्वल हे बाविसाव्या पुरवठा कंपनीचे, कारण तिच्यात खरोखरच एक अस्वल होते! आज संग्राहक अशा चिन्हांना चांगले मोल देतात. साहजिकच नकलांचाही बाजार भरला आहे. त्या अस्वलाच्या नकला तर विचारूच नयेत.

नवख्याची पहिली चूक अशी की, पुस्तकातील चित्राशी तंतोतंत जुळेल ते खरे, असे तो धरून चालतो. वस्तुतः सैन्य जेथे तळ देई तेथील शिंप्यांकडून व कशिदा काढणाऱ्यांकडूनही ही चिन्हे करवून घेतली जात. कोणी बनातीवर हाताने भरी, कोणी यंत्राने. विलायतेत तर काटकसरीपायी भरतकाम सोडून सुती कापडावर छापलेली चिन्हेही निघाली. तेव्हा दोन अस्सल मत्स्यकन्यांचे चेहरे जुळलेच पाहिजेत असे नाही. उलट डझनभर चिन्हे टाक्यान्‌टाका सारखी दिसली तर शंका घ्यावी.

धाग्याची परीक्षा अधिक भरवशाची. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडात १९४१ साली लागला खरा, पण तो धागा बाजारात आला १९५० नंतर. मागील बाजूचा सुटा तंतू जाळून पाहावा: सूत कागदासारखे जळते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, कृत्रिम धागा मात्र वितळून त्याची गोळी होते. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली पांढरा धागा निळसर झळाळू लागला, तर त्यात युद्धोत्तर काळी सर्वत्र रूढ झालेले उजळकद्रव्य असावे असा तर्क होतो. पण तर्कच, कारण एखाद्या आजीबाईने नातवाचे कपडे धुताना अस्सल चिन्हही नव्या साबणचुऱ्यात बुचकळलेले असू शकते.

शिवाय लबाड कारागीर जुने लष्करी कांबळेच कापून वापरतो. मग कापड खरे आणि काम खोटे! अशा वेळी उन्हाने पुढचा रंग विटला असून शिवणीत दडलेला तसाच आहे काय, सुईच्या जुन्या छिद्रांभोवती मळ आहे काय, हे भिंगातून पाहावे लागते. चहाच्या पाण्यात बुडवून आणलेले वार्धक्य पुढे, मागे व शिवणीतही सारखेच असते.

याहून नाजूक प्रश्न आहे तो निराळाच. युद्ध संपले तेव्हा पोलंड रशियाच्या वर्चस्वाखाली गेला, आणि हजारो सैनिक परतलेच नाहीत. ते ब्रिटनमध्ये व अन्यत्र स्थायिक झाले. वार्षिक मेळाव्यांसाठी त्यांनी नवी चिन्हे करवून घेतली. ज्याने ती रणांगणावर मिळविली त्याच्याच कोटावरचे हे चिन्ह बनावट कसे म्हणावे? ते बनावट ठरते विक्रेत्याने त्यावर ‘१९४४’ अशी चिठ्ठी लावल्यावर.

सर्वांत अवघड पारख वॉर्साच्या उठावातील दंडपट्ट्यांची. १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर १९४४ असे ६३ दिवस ‘आर्मिया क्रायोवा’च्या स्वयंसैनिकांनी ते शहर लढविले. पुरेसे गणवेश नव्हते. कित्येकांच्या अंगावर शत्रूच्याच कोठारातून लुटलेले कपडे होते. पांढरी-तांबडी पट्टी हीच काय ती ओळख. मिळेल त्या कापडाची केलेली, तीवर ‘व्ही. पी.’ उच्चाराची पोलिश आद्याक्षरे, कधी गरुड, कधी पलटणीचा आकडा. १९०७ च्या हेग नियमांप्रमाणे दुरून ओळखू येणारे चिन्ह धारण करणाऱ्यालाच सैनिकाचे हक्क मिळत. त्यामुळे युद्धकैदी की गोळी, हा निवाडा या वीतभर चिंधीशी निगडित होता. आरंभी जर्मनांनी तीही जुमानली नाही. शरणागतीच्या करारात मात्र सुमारे १५,००० लढवय्ये युद्धकैदी म्हणून गणले गेले. पुढे नव्या राजवटीत त्याच संघटनेचे लोक तुरुंगात पडू लागले, तेव्हा अनेक घरांतून या पट्ट्या जाळल्या वा लपविल्या गेल्या.

म्हणून येथे नुसत्या धाग्यावर भागत नाही. पट्टी कोणाच्या घरातून, कोणाच्या हातून आली हे विचारावे लागते. वॉर्सात २००४ साली उघडलेल्या उठावाच्या संग्रहालयाने लढणाऱ्यांची नावनिशीवार चरित्रटिपणे जमविली आहेत. पट्टीवरचा आकडा, सांगितलेले नाव आणि ते टिपण यांचा मेळ बसला नाही, तर कापड १९४४ चे ठरले तरी जाणता संग्राहक ती पट्टी परत करतो.