विधवांचं बेट

निकाराग्वातल्या चिचिगाल्पा गावाजवळ 'विधवांचं बेट' नावाची वस्ती आहे. मला वाटलं, समुद्रात असेल. छे! भोवती नुसता ऊस. ऊसतोडीला जाणारे तरुण पुरुष किडन्या निकामी होऊन एकामागून एक गेले, म्हणून हे नाव.

२००२ मध्ये जवळच्या एल साल्वाडोरमधल्या डॉक्टरांनी लिहिलं, किडनी गेलेल्या बहुतेक पेशंटना ना मधुमेह, ना बीपी. मग कशाने? नेमक्या कारणावर अजून वाद आहे, कीटकनाशकांवरही संशय घेतला गेला. पण सगळ्यात जास्त बोट दाखवलं जातं ते भर उन्हात, पुरेसं पाणी न पिता फडात राबण्याकडे.

पाणी प्या, सावलीत बसा, सांगायला सोपंय हो. पण मजुरी टनावर! बसलं की पैसे बुडाले. आपल्या बीडकडच्या तोडणी कामगारांचाही हिशोब टनावरच, आणि वर मुकादमाची उचल फेडायची.