उसन्या चालीतून सापडलेला गळा

1954 चा उन्हाळा. एका गावचा कार्यक्रम आटोपून दुसऱ्या गावाकडे निघालेल्या गाडीत रे चार्ल्स आणि त्याच्या बँडमधला ट्रम्पेटवाला रेनाल्ड रिचर्ड बसलेले. रेडिओवर ‘सदर्न टोन्स’ या गॉस्पेल मंडळींचं ‘इट मस्ट बी जीझस’ लागलं. दोघंही सुरात सूर मिसळू लागले, आणि गाता गाता येशूच्या जागी एक बाई येऊन बसली. रेनं रिचर्डला सांगितलं, याचं गाणं कर. रात्रीतून शब्द तयार झाले. ‘आय गॉट अ वूमन’ची ही जन्मकथा. सोल संगीताचं मूळ शोधणारे बहुतेक जण याच गाडीपाशी येऊन थांबतात.

गाडी मात्र बरीच लांबून आली होती. फ्लोरिडातलं बालपण, सातव्या वर्षी गेलेली दृष्टी, अंधशाळेत ब्रेलमधून शिकलेलं संगीत आणि पंधराव्या वर्षी गेलेली आई, हे सगळं त्याच्यावरच्या चित्रपटामुळे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पहिल्या तबकड्यांकडे तेवढं कोणी वळत नाही. 1949 मधली ‘कन्फेशन ब्लूज’ अमेरिकेच्या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली, पण तबकडीवर छापलं होतं ‘मॅक्सिन ट्रायो’. तेसुद्धा चुकून, त्रिकुटाचं खरं नाव होतं ‘मॅक्सन’. नाव चुकीचं आणि गळा उसना! डोळे मिटून ऐकलं तर नॅट किंग कोल गातोय असं वाटावं. कधी कोल मागे सरतो आणि चार्ल्स ब्राउन पुढे येतो. 1951 च्या ‘बेबी, लेट मी होल्ड युअर हँड’नं पाचवा क्रमांक गाठला, तरी लोक त्याला ओळखायचे ते ‘कोलसारखा गाणारा पोरगा’ म्हणूनच. आपलं नाव कोणालाच माहीत नाही हे एके दिवशी अचानक कसं टोचलं, ते त्यानं आत्मचरित्रात मोकळेपणानं सांगितलं आहे.

1952 मध्ये अटलांटिक कंपनीनं त्याचा करार अडीच हजार डॉलर्सना विकत घेतला. मालकांपैकी अहमत एर्टेगन हा तुर्की राजदूताचा मुलगा, ब्लूजवर जीव टाकणारा. पुढच्या वर्षी ‘मेस अराउंड’ त्यानंच रचून, स्वतः गाऊन रेला शिकवलं. पियानोची ठेवण काउ काउ डॅव्हेनपोर्टच्या 1928 सालच्या रेकॉर्डवरून उचललेली, आणि गीतकाराच्या जागी नाव ‘नुगेट्रे’. एर्टेगन हे नाव रोमन लिपीत उलटं लिहिलं की हेच येतं. उसनवारी या धंद्यात कोणाला नवी नव्हती. तबकडी झकास वाजते, पण रे अजून पाहुण्यासारखा गातो.

मग तो ‘आपला’ कुठे झाला?

एक पक्ष न्यू ऑर्लिन्सकडे बोट दाखवतो. ऑक्टोबर 1953 मध्ये गिटार स्लिम या मनस्वी गायकाच्या ‘द थिंग्ज दॅट आय यूज्ड टू डू’ची बांधणी रेनं केली आणि पियानोही वाजवला. स्लिम जवळजवळ किंचाळत गातो, त्याच्यामागे वाद्यं देवळातल्या कोरससारखी ओ देतात. हे कानावर पडल्यावर रेच्या घशातली गाठ सुटली, असा हा युक्तिवाद. त्यात दम आहे. पण स्लिमनं मोकळीक दिली, चाल नाही.

दुसरा पक्ष ग्रंथांतला. ‘आय गॉट अ वूमन’चं मूळ ‘जीझस इज ऑल द वर्ल्ड टू मी’ या स्तोत्रात आहे, असं काही पुस्तकांतून सापडतं. ते विल थॉम्पसनचं 1904 मधलं स्तोत्र. संथ, रविवारच्या प्रार्थनेच्या शिस्तीत चालणारं. हे आणि रेचं गाणं पाठोपाठ वाजवलं तर दोन्हींत फक्त भाव जुळतो: माझं सर्वस्व कोण, याची कबुली. चाल जुळत नाही, ठेका जुळत नाही. बहुधा कोणीतरी शब्दांवरून कुळी लावली आणि पुढच्यांनी ती उतरवून घेतली. सदर्न टोन्सची तबकडी लावली की वाद संपतो. ओळींची उठावण तीच, मधला श्वास घेण्याची जागाही तीच.

आक्षेप आले. सगळ्यांत तिखट आक्षेप बिग बिल ब्रूंझीचा. हा मुरलेला ब्लूज गायक म्हणाला की हा पोरगा ब्लूजमध्ये भक्तिगीतं कालवतोय, त्यानं चर्चमध्ये जाऊन गावं. आता खरी गंमत इथे आहे. 1930 मध्ये ‘फेमस होकम बॉइज’ या नावानं चावट, द्व्यर्थी गाण्यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांत गिटार वाजवणारा एक जण होता हाच ब्रूंझी आणि त्याचा जोडीदार होता ‘जॉर्जिया टॉम’. या टॉमचं पूर्ण नाव थॉमस डॉर्सी. 1932 मध्ये पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं, तेव्हा त्याच डॉर्सीनं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. आज त्याला गॉस्पेलचा जनक म्हणतात. शिकागोच्या चर्चमध्ये तो जे घेऊन गेला ते ब्लूजचेच हेल, ब्लूजचाच डोलणारा ठेका. म्हणून तिथल्या जुन्या मंडळींनी सुरुवातीला त्यालाही दारातच अडवलं होतं. म्हणजे ब्रूंझीच्याच मित्रानं बाजारातून देवळात नेलेला माल रेनं बावीस वर्षांनी परत आणला. त्यावर ‘पाप’ म्हणून ओरडायचा हक्क ब्रूंझीला फारसा नव्हता!

पण नुसत्या चालीनं काम झालं नसतं. 1954 मध्ये रेनं पहिल्यांदा स्वतःचा सात जणांचा बँड बांधला, आणि या कहाणीतला खरा सांधा तोच, असं मानायला जागा आहे. नोव्हेंबरात त्यानं एर्टेगन आणि अटलांटिकचाच जेरी वेक्सलर यांना अटलांटाला बोलावलं. ते ‘रॉयल पीकॉक’ क्लबात शिरले तर बँड मंचावर तयार बसलेला. रेनं मात्रा मोजली आणि गाणं सुरू केलं. या दोघांना सुचवायला काही उरलंच नव्हतं. 18 नोव्हेंबरला जॉर्जिया टेकच्या आवारातल्या डब्ल्यूजीएसटी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण झालं. दर तासाला बातम्या लागत, तेव्हा सगळ्यांना हात आखडून बसावं लागे. तबकडीच्या सुरुवातीला साथीशिवाय रेचा एकच ताणलेला हेल येतो, तो संपायच्या आत ढोलताशा उठावा तसा बँड उठतो. मध्ये डॉनल्ड विल्करसनचा टेनर सॅक्सोफोन. इथे कोल नाही, ब्राउनही नाही. पूर्वी गळा उसना होता. आता चाल उसनी होती आणि तिच्यातून गळा स्वतःचा निघाला.

1955 च्या आरंभी गाणं कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. किल्ली सापडल्यावर रेनं तीच फिरवत ठेवली. ‘धिस लिटल लाइट ऑफ माइन’चं त्याच वर्षी ‘धिस लिटल गर्ल ऑफ माइन’ झालं. जानेवारी 1956 मध्ये एल्विस प्रेस्ली आरसीए कंपनीच्या पहिल्याच ध्वनिमुद्रणाला बसला आणि आधी हेच ‘आय गॉट अ वूमन’ गायला. या सगळ्याला ‘सोल’ हे नाव बाजारात पक्कं व्हायला वेळ लागला. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकानं कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीचं नाव बदलून ‘सोल’ केलं ते 1969 मध्ये.

आपल्याकडे संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचं नाव छापत. अटलांटिकच्या 1050 क्रमांकाच्या तबकडीवर तशी जागा नव्हती. तिच्यावर गीतकार म्हणून दोनच नावं आहेत: चार्ल्स आणि रिचर्ड.