शर्यतीची शाळा : भोसरी ते इरुंगट्टुकोट्टई

खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत फिरलात तर गावाबाहेर चढाचा एक लांब पट्टा दिसतो, दोन्ही बाजूंना माणसं बसतील असा. त्याला घाट म्हणतात. बैलगाडा शर्यतीचा घाट. आमच्या भोसरीतही भैरवनाथाच्या यात्रेला गाडे पळतात. पुढे घोडी, मागे बैल, आणि बारी किती सेकंदांत झाली ते ओरडून सांगणारा निवेदक. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली, 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात त्या पुन्हा सुरू करायला परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या सात-साडेसात वर्षांत भोसरीकर गप्प बसले नव्हते. मोर्चे निघाले, वकील लावले गेले, आमदार दिल्लीला खेटे घालत राहिले.

बंदी योग्य की परवानगी योग्य, हा वाद आज घेत नाही. मला दिसतं ते वेगळंच. शर्यत म्हटली की जागा ठरलेली हवी, नियम हवेत, जनावर आणि माणूस दोघांची तयारी करून घेणारा जाणता हवा, हे या मातीला आधीपासून ठाऊक आहे. पण ज्या यंत्रावर इथल्या हजारो घरांची चूल पेटली, त्या मोटरसायकलीच्या वाट्याला असा घाट आला नाही.

पट्ट्याचा इतिहास थोडक्यात असा. पिंपरीत 1954 ला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आकुर्डीत बजाजचा कारखाना उभा राहिला, 1962 ला एमआयडीसी स्थापन झाली, पाठोपाठ टेल्को आली. 1970 ला भोसरी, आकुर्डी, चिंचवड आणि पिंपरी मिळून नगरपालिका झाली, 1982 ला महानगरपालिका. मोठे कारखाने आकुर्डी-पिंपरीत आणि त्यांना लागणारे बुश, पिना, ब्रॅकेट, जिग-फिक्श्चर करणारी वर्कशॉपं भोसरीत, अशी वाटणी झाली. मराठवाड्यातून, सोलापूर-विजापूरकडून, पुढे उत्तरेतून माणसं आली. त्यांत आमच्यासारखी मुसलमान कुटुंबंही होती. कुणी लेथवर उभा राहिला, कुणी वेल्डिंगवर, कुणी नाक्यावर पत्र्याचं गॅरेज टाकलं.

वाहन चालवायला शिकवणारी एक मोठी संस्थाही भोसरीलाच आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. नाशिक फाट्याजवळची सीआयआरटी 1967 ला सुरू झाली, ती राज्याराज्यांच्या एसटी महामंडळांना प्रशिक्षण देण्यासाठी. तिथल्याच आयडीटीआरच्या ट्रॅकवर पुण्याची माणसं चारचाकीच्या लायसन्सची परीक्षा द्यायला येतात आणि आठचा आकडा काढताना घाम पुसतात. म्हणजे बस शिकायची सोय झाली, मोटारीची झाली. दुचाकी मात्र आपोआप येते, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. सायकल येते ना? मग ॲक्सिलेटर पिळायचा, झालं.

वेगाचं शिक्षण मिळायचं ते गॅरेजात. ऐंशीच्या दशकात शंभर सीसीच्या जपानी गाड्या आल्या : 1984 ला इंड-सुझुकीची एएक्स 100, 1985 ला हिरो होंडा सीडी 100 आणि यामाहा आरएक्स 100, 1986 ला बजाजची कावासाकी केबी 100. त्यांतल्या आरएक्सनं पोरांना वेड लावलं. टू-स्ट्रोक इंजिनाचे पोर्ट किती घासायचे, सायलेन्सरमधली जाळी काढली तर काय होतं, कार्ब्युरेटरचा जेट कुठला टाकायचा, हे ज्याला कळायचं त्याला लोक उस्ताद म्हणायचे. उस्ताद पुढे, शागिर्द मागे. आपल्याकडे तालीम, तबला, शिलाई, सगळ्या विद्या अशाच आल्या आहेत. पण या विद्येत एक खोट होती. उस्तादाला यंत्र कळायचं, वळण कळत नव्हतं. गाडी पळवायची कशी हे तो शिकवायचा. चाळीस अंशांत झुकलेल्या गाडीवर भीती वाटली तर हात काय करतो, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं. चाचणी व्हायची ती रात्रीच्या नाशिक रस्त्यावर. आमच्या ओळखीतल्या दोन पोरांना मी खांदा दिला आहे. दोघांपैकी एकही प्यायलेला नव्हता, दोघंही नमाजी होते. वळणात घाबरले आणि थ्रॉटल एकदम सोडला, एवढाच त्यांचा गुन्हा.

हे मला आज सांगता येतं, कारण मी भाच्याबरोबर शाळेत गेलो होतो. भाचा सीएनसीवर काम करतो. दोन वर्षं ओव्हरटाइम साठवून त्यानं चेन्नईजवळच्या मोटरसायकल शर्यतीच्या शाळेत नाव घातलं. बहीण म्हणाली, ‘‘जायचं तर जा, पण मामूला घेऊन.’’ मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. गाडी म्हणजे माझी जुनी स्कूटर. पण वर्ग म्हटलं की माझे कान उभे राहतात.

चेन्नईच का, याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्या देशात ठिकठिकाणी ओस पडल्या होत्या. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती भरू लागल्या. 1953 ला स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं त्यांना शिस्त लावली. दशकानुदशकं शोलावरम म्हणजेच भारतातली शर्यत. मग क्लबनं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला जमीन घेऊन स्वतःचं सर्किट बांधलं आणि 1990 ला ते खुलं झालं. सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीचं. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे झाला 2003 ला, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट 2011 ला. आपल्याकडे कोल्हापूरला मोहिते रेसिंग ॲकॅडमीचा ट्रॅक आहे, पण तो मुख्यतः गो-कार्टिंगचा. तेव्हा भोसरीच्या पोराला मोठ्या सर्किटवर शिकायचं तर गाडी ट्रान्सपोर्टनं पाठवायची आणि आपण दक्षिणेची रेल्वे धरायची. अंतर हजार किलोमीटरांच्या वर.

ही शाळा मूळची अमेरिकेतली. कीथ कोड नावाच्या माणसानं 1980 ला कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढलं. पुढे तीनदा विश्वविजेता झालेला वेन रेनी सुरुवातीला त्याच्याकडेच शिकला. कोडचं महत्त्व असं की, गाडी चालवणं ही उपजत देणगी नसून तोडून, सुटं करून शिकवता येणारी गोष्ट आहे, असं त्यानं मानलं. इंजिन उघडून जसे भाग मांडतात तसे त्यानं चालवण्याचे भाग मांडले. 2010 च्या सुमारास टीव्हीएस रेसिंगच्या साहाय्यानं ही शाळा इरुंगट्टुकोट्टईला भरू लागली.

पहिल्या पातळीत पाच धडे. थ्रॉटल, वळायला सुरुवात करण्याचा बिंदू, गाडी झटकन झुकवणं, हँडलवर विनाकारण दिलेला जोर, आणि नजर. आधी वर्गात बसायचं, मग ट्रॅकवर जायचं, उतरलं की प्रशिक्षकापुढे उभं राहायचं. पहिल्या फेरीत ब्रेक लावायचा नाही आणि गिअर बदलायचा नाही. एकाच गिअरात, फक्त थ्रॉटलवर. भाच्याचं तोंड उतरलं. एवढे पैसे भरून हळू चालवायचं? मला मात्र प्राथमिक शाळेतली बाराखडी आठवली.

पहिला धडा मी मागच्या बाकावरून ऐकला, तो समजला तसा सांगतो. वळणात एकदा थ्रॉटल उघडला की वळण संपेपर्यंत तो सावकाश, सलग उघडतच न्यायचा. कारण मागच्या रुंद टायरवर साधारण साठ टक्के वजन आणि पुढच्यावर चाळीस, असं असलं की गाडी स्थिर राहते. घाबरून थ्रॉटल बंद केला की वजन पुढे येतं, गाडी वळणाबाहेर जाऊ लागते. मग माणूस आणखी घाबरतो, हँडल आवळतो, ज्या दगडाला चुकवायचं त्याच्याकडेच टक लावून बघतो, आणि नजर जिथे तिथे गाडी. जीव वाचवायला शरीर जे जे आपसूक करतं, तेच जीव घेतं. शाळेचं काम हे आपसूक मोडून काढणं. मी ते ऐकत होतो आणि खांदा दिलेली ती दोन पोरं डोळ्यांपुढे होती.

दुसरी गंमतही सांगायला हवी. आपण सगळे समजतो की अंग झुकवलं की गाडी वळते. हा समज खोडायला कोडनं एक गाडी तयार करून घेतली. तिला नेहमीच्या हँडलच्या वर दुसरं, फ्रेमला पक्कं बसवलेलं हँडल, थ्रॉटलसकट. ते धरून हवं तेवढं अंग झुकवा, गाडी म्हणावी तशी वळत नाही. वळते ती हँडल ढकलल्यावर. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून तर शिकवावं लागतं.

घोड्यांच्या काळात हे सगळं लोकांना कळत होतं. मराठी मुलुखात चाबुकस्वार हा घोडा आणि स्वार दोघांना शिकवणारा माणूस असे. आजही ते आडनाव आपल्यात आहे. त्याहून मागे गेलात तर बुखारी शरीफमध्ये इब्न उमर यांची रिवायत आहे. पैगंबरांनी (स.) घोड्यांची शर्यत लावली. तयारी केलेल्या घोड्यांसाठी हफयापासून सनियतुल-वदापर्यंत, म्हणजे पाच-सहा मैल. बिनतयारीच्या घोड्यांसाठी तिथून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत, सुमारे एक मैल. इब्न उमर स्वतः त्या शर्यतीत होते. आमच्याकडे जुम्म्याला वेगावर बयान होतं तेव्हा मौलवीसाहेब पोरांना रागावतात, आणि रागवायला हवंच. पण ही रिवायत कुणी पुढे आणत नाही. शर्यत झालीच नाही, असं तिथे नाही. शिकलेल्याला वेगळं मैदान आणि न शिकलेल्याला वेगळं, दोन्हींच्या हद्दी ठरलेल्या, असं आहे. पुढे मामलुकांच्या काळात फुरुसिय्या, म्हणजे स्वारीची विद्या, यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. इब्न कय्यिमसारख्या आलिमानं त्या विषयावर लेखणी चालवली.

मुसलमान घरातली मुलगी आणि शर्यत असा विषय निघाला की काही जण भुवया उंचावतात. त्यांनी चेन्नईच्या अब्दुल्लांचं घर आठवावं. आर. ए. अब्दुल्ला हे मोटरसायकल शर्यतीतले राष्ट्रीय विजेते. त्यांनी मुलगी अलिशा हिला लहानपणी गो-कार्टवर बसवलं आणि मग मोटरसायकलवर. ती मुलांच्या बरोबरीनं ट्रॅकवर उतरली, नाव कमावलं, पुढे मुलींसाठी रेसिंग ॲकॅडमी काढली. बापच उस्ताद होता, आणि हाताशी ट्रॅकही होता. आमच्या गॅरेजवाल्या उस्तादांकडे दुसरी गोष्ट नव्हती.

आता चाकणचं ऐका. 2007 ला बजाजनं ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला आणि केटीएमच्या लहान गाड्या चाकणला बनू लागल्या. त्यांतली आरसी 390 ही गाडी 2014 पासून जर्मनीच्या एडीएसी ज्युनिअर कपमध्ये आणि 2015 पासून अमेरिकेत मोटोअमेरिकाच्या आरसी कपमध्ये धावली. या स्पर्धा कोवळ्या मुलांना शर्यत शिकवण्यासाठी. म्हणजे चाकणच्या लाइनवर बोल्ट आवळलेल्या गाडीवर तिकडची चौदा-पंधरा वर्षांची पोरं सूट, हेल्मेट, मार्शल, ॲम्ब्युलन्स यांच्यासह वेग शिकली. बोल्ट आवळणारा पोरगा शिफ्ट सुटल्यावर तीच विद्या नाशिक रस्त्यावर कंटेनरांच्या मधून शिकतो.

2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची. यांतली बहुतेक काही शर्यत लावत नव्हती, कामावर चालली होती किंवा घरी. म्हणूनच हा शौकिनांचा विषय आहे असं मला वाटत नाही. थ्रॉटल बंद करू नको, दगडाकडे बघू नको, हे डिलिव्हरीवाल्या पोरालाही लागतं.

मोटर वाहन कायद्याचं कलम 189 सार्वजनिक जागी शर्यत लावण्याबद्दलचं आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत. पोरांना व्हॉट्सॲपवर हे आकडे पाठ आहेत. पण कलम नीट वाचलं तर गुन्हा ठरतो तो ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय’. संमती मिळू शकते, असं कायदाच धरून चालतो. बैलांसाठी सात वर्षं झगडणाऱ्या या पट्ट्यातल्या पुढाऱ्यांनी महिन्यातला एक रविवार, एमआयडीसीतला एखादा रिकामा रस्ता किंवा आयडीटीआरसारखा तयार ट्रॅक, दुचाकीच्या शिकवणीसाठी मागून पाहावा. शर्यत नको, पहिला धडा पुरे. एक गिअर, ब्रेक नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा ट्रॅकवरून आला तेव्हा प्रशिक्षकानं त्याला दोनच गोष्टी सांगितल्या : पाचव्या वळणात अजून थ्रॉटल तुटतोय आणि उजवी कोपर ताठ आहे. परतीच्या गाडीत तो वहीत काहीतरी काढत बसला होता. मला वाटलं सर्किटचा नकाशा असेल. पाहिलं तर नाशिक फाट्यापासून मोशीपर्यंतचा रस्ता होता, आणि गाडी सावकाश आणायच्या जागांवर त्यानं फुल्या मारल्या होत्या.