‘मले आवडते’ आणि जर्मन भाषेतील आवडनिवड : वऱ्हाडच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वऱ्हाडचा जर्मनीशी आलेला संबंध नवा नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकप्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन व जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. प्रारंभी १०,००० युवकांना पाठविण्याचे उद्दिष्ट ठरले आणि जर्मन भाषेच्या प्रशिक्षणास महत्त्व आले. या पार्श्वभूमीवर आवडनिवड व्यक्त करणाऱ्या जर्मन वाक्यरचनेचा मराठीच्या अंगाने विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पाणिनीने अष्टाध्यायीत (१.४.३३) ‘रुच्’ या अर्थाच्या धातूंच्या योगात, ज्याला एखादी गोष्ट आवडते त्यास ‘संप्रदान’ ही संज्ञा दिली, त्यामुळे तेथे चतुर्थी विभक्ती येते. हे व्याकरण युरोपात नेण्याचे मोठे कार्य जर्मन भाषिक विद्वानांनी केले. ब्योटलिंक यांनी पाणिनीचा ग्रंथ १८३९-४० मध्ये बॉन येथे प्रसिद्ध केला आणि १८८७ मध्ये त्याचे जर्मन भाषांतर दिले. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्यात आले. त्यांच्यानंतर फ्रांझ कीलहॉर्न यांनी १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केले व पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

रचनेतील साम्य व भेद :
प्रमाण मराठीत ‘मला’, तर वऱ्हाडीत ‘मले’ आवडते. दोन्हींत आवडणारी वस्तू कर्ता असते आणि क्रियापद तिच्यानुसार बदलते : आंबा आवडतो, आंबे आवडतात. जर्मन ‘गेफालेन’ हे क्रियापद याच पद्धतीने चालते. ‘मीर गेफेल्ट डास बूख’ म्हणजे ‘मला ते पुस्तक आवडते’. येथील ‘मीर’ हे चतुर्थीचे रूप होय. खाद्यपदार्थाच्या चवीसाठी ‘श्मेकेन’ येते व त्याची रचनाही अशीच असते. इंग्रजीत मात्र ज्या व्यक्तीला आवडते तीच कर्ता होते. त्या वळणाने ‘इश गेफाले’ म्हटल्यास ‘मी (कोणाला तरी) आवडतो’ असा उलट अर्थ होतो.

तथापि साम्य सर्वत्र नाही. ‘म्योगेन’ या क्रियापदासोबत व्यक्ती प्रथमेतच राहते. कृतीची आवड ‘गेर्न’ या क्रियाविशेषणाने सांगतात : ‘इश ट्रिंके गेर्न टे’, म्हणजे ‘मला चहा प्यायला आवडते’. दोहोंपैकी एकाची निवड ‘लीबर’ने, तर सर्वाधिक पसंती ‘आम लीबस्टेन’ने दर्शविली जाते. मराठीत हे कार्य ‘-पेक्षा अधिक’ आणि ‘सर्वांत जास्त’ यांनी होते.

निष्कर्ष :
अमरावती-अकोल्यातील विद्यार्थ्याला इंग्रजीमार्फत जर्मन शिकविल्यास, त्याच्या स्वतःच्या बोलीत असलेली रचना त्याला परकी वाटू लागते. मुलाखतीत काम, ठिकाण वा वेळ यांविषयीची पसंती नेमकी सांगता न येणे त्याच्या हिताचे नाही. म्हणून ‘गेफालेन’ व ‘श्मेकेन’ ही क्रियापदे ‘मले आवडते’ या वाक्यापासून शिकवावीत. ‘म्योगेन’ व ‘गेर्न’ यांचा भेद त्यानंतर स्पष्ट करावा. बोलीला वर्गाबाहेर न ठेवता परभाषेच्या अध्यापनाचे साधन मानणे, हे या प्रदेशातील अध्यापकांना सहज शक्य आहे.