दुधाचे संप्रेरक माशाच्या कल्ल्यात

संप्रेरकांचा तक्ता शिकवताना प्रोलॅक्टिन या नावापुढे आपण ‘दूध निर्माण करणे’ एवढेच लिहितो. पण हे संप्रेरक माशांच्या पीयूषिका ग्रंथीतही असते. मासा पिल्लांना दूध पाजत नाही. मग त्याला प्रोलॅक्टिन कशाला हवे?

हे नाव अमेरिकेतील ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ च्या सुमारास रूढ केले. कबुतराच्या गळ्याजवळच्या पिशवीत पिल्लांसाठी दुधासारखा पदार्थ तयार होतो, तो या संप्रेरकामुळे. त्यामुळे नाव दुधाशी जोडले गेले आणि पुढे पाठ्यपुस्तकांतही तसेच राहिले.

माशाची अडचण मात्र दुधाची नसून मिठाची असते. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार कितीतरी जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. समुद्रातील बहुतेक काटेरी माशांची स्थिती याच्या उलट असते. १९३२ मध्ये कीज आणि विल्मर यांनी ईल माशाच्या कल्ल्यांत क्षार बाहेर टाकणाऱ्या खास पेशी दाखवून दिल्या. म्हणजे कल्ला हा केवळ श्वसनाचा अवयव नाही, हे तेव्हा कळले.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किलिफिश नावाचा छोटा मासा आढळतो. तो खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत राहू शकतो. त्याची पीयूषिका काढून टाकली तर तो समुद्राच्या पाण्यात जगतो, गोड्या पाण्यात मात्र मरतो, असे १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. नेमके कोणते संप्रेरक कमी पडते? १९५९ मध्ये ग्रेस पिकफर्ड आणि फिलिप्स यांनी उत्तर दिले : प्रोलॅक्टिन. ते टोचल्यावर पीयूषिका नसलेले मासेही गोड्या पाण्यात तगले. पुढील प्रयोगांतून प्रोलॅक्टिन शरीरातील सोडियमची गळती कमी करते, हे स्पष्ट झाले.

आता प्रश्न उरला तो ‘कोठे?’ याचा. रक्तातून संप्रेरक सगळीकडेच फिरते. पण त्याला ओळखणारा ग्राही ज्या पेशींवर असतो, त्याच पेशी त्याचे ऐकतात. ग्राही शोधण्याची युक्ती सोपी आहे. संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन जोडायचे, ते ऊतीत मिसळायचे आणि धुतल्यावर किती चिकटून राहते ते मोजायचे. हे चिकटणे खरे की वरवरचे, हे ठरवण्यासाठी साधे प्रोलॅक्टिन भरपूर घालून पाहायचे. ग्राहींच्या जागा मोजक्याच असल्याने खूण केलेले रेणू तेथून हटले, तर बंध खरा.

१९९५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी तिलापिया माशातील प्रोलॅक्टिन-ग्राहीचा जनुकीय आराखडा मिळवला. हा ग्राही मुख्यतः कल्ले, मूत्रपिंड आणि आतडे यांत आढळला. क्षार आणि पाणी यांचा हिशेब ठेवणारे अवयव नेमके हेच.

निरोप एकच, पण स्तनग्रंथीची पेशी तो ऐकून दूध बनवते आणि कल्ल्यातील पेशी क्षार राखते. संप्रेरकाचे काम त्याच्या नावात सापडत नाही. ते ठरते ग्राही कोठे आहे आणि त्या पेशीला काय करता येते, यावरून. म्हणून आम्ही सुचवतो, की संप्रेरकांच्या तक्त्यात ‘ग्राही कोठे?’ असा आणखी एक रकाना आखावा आणि तो मुलांकडूनच भरून घ्यावा.