शहापूर-मुरबाडची मासळी : पावसाळी पर्यटकांच्या ताटात काय?

मुंबई-नाशिक महामार्गावरील आसनगाव ते कसारा हा पट्टा आणि कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हे ग्रामीण ठाणे जिल्ह्यातील दोन प्रमुख पर्यटनमार्ग आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी येथील ढाबे आणि खाणावळी गजबजून जातात. फलकांवर सुरमई, पापलेट, कोळंबी ही नावे ठळकपणे झळकतात. मात्र या ताटामागचे वेळापत्रक फारसे कोणी पाहत नाही.

बंद समुद्र, भरलेला घाट

मासळीच्या प्रजननासाठी आणि खवळलेल्या समुद्रातील सुरक्षेसाठी जून व जुलै महिन्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. माळशेजचा हंगामही नेमका याच दिवसांत ऐन भरात येतो. साहजिकच या काळात मिळणारी सुरमई वा पापलेट बहुधा शीतगृहातील किंवा अन्य किनाऱ्यावरून बर्फात आलेली असते. ‘बासा’ तर समुद्रातील नव्हेच. तो तळ्यांत वाढवलेला गोड्या पाण्यातील मासा आहे. गोठवलेली मासळी वाईट नसते. पण ती ताजी म्हणून विकली जाऊ नये, एवढी ग्राहकाची अपेक्षा रास्त आहे. इटलीतील किनारी पर्यटनस्थळांच्या साध्या खानावळींतही गोठवलेल्या पदार्थापुढे खाद्यसूचीत तारांकन छापण्याची पद्धत आहे. ती खूण न केल्यास तेथील न्यायालये त्यास व्यापारातील फसवणुकीचा प्रयत्न मानतात.

येथील खरी मासळी

या दोन तालुक्यांचे स्वतःचे मत्स्यान्न निराळे आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर नदीतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. हीच ‘वळगण’. मरळ, वाम, शिंगाळा ही गोड्या पाण्यातील ओळखीची नावे. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी या समाजांना मासे आणि खेकडे पकडण्याचे परंपरागत ज्ञान आहे. खेकड्याच्या रश्शासाठी लहान नांग्या व पाय वाटून त्यांचे पाणी गाळून घेतात; रश्शाची खरी चव त्यातच उतरते. सोबत तांदळाची वा नागलीची भाकरी असते. ज्या दिवशी काहीच मिळत नाही, त्या दिवसासाठी सुकट आणि सुके बोंबील असतात. आगोटीच्या खरेदीत, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीत, त्यांना मानाचे स्थान असते.

धरणांचा परिणाम

मुंबईची तहान भागवणारे तानसा (1892) आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी सुमारे निम्मा एकट्या भातसाचा असतो. धरणांमुळे पाण्याचा विस्तार वाढला, पण माशांची वर चढण्याची वाट भिंतीपाशी खुंटली. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करीत नाहीत; म्हणून जलाशयांत त्यांचे मत्स्यबीज सोडावे लागते. देशी माशांना असा आधार क्वचितच मिळतो.

मागणीचा पेच

वळगणीचे मासे चविष्ट लागतात ते गाभोळीमुळे. आणि गाभोळी म्हणजे पुढच्या वर्षीची मासळी. घरच्या कालवणापुरती मासेमारी ओढे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले. पर्यटकांची मागणी वाढली, की हीच मासेमारी विक्रीसाठी होऊ लागते आणि ओढ्याच्या तोंडाशी जाळे आडवे पडते. समुद्राला दोन महिन्यांची विश्रांती मिळते; ओढ्याला ती मिळतेच असे नाही.

पर्यटकाने काय करावे?

मासा कोठून आला आणि तो ताजा की गोठवलेला, हे मागणी नोंदवण्यापूर्वी विचारावे. पावसाळ्याच्या प्रारंभी गाभोळी असलेल्या माशांचा आग्रह धरू नये. जलाशयातील कटला-रोहू किंवा सुकटीचे कालवण हे चांगले पर्याय आहेत. समुद्राची ताजी मासळी खायचीच असेल, तर बंदी उठल्यावर किनाऱ्यावर जाणे उत्तम.